रिकाम्या बॅगेला कुलूप

माझी ताई विमानतळाच्या बसवर कंडक्टर आहे. मी तिथंच ट्रॉल्या ढकलतो, म्हणून तिच्याच बसने जातो. लोक तिला संशयी म्हणतात. म्हणू देत. मागं कुणीतरी बसमध्ये बॅग टाकून उतरलं, पोलीस आले, आणि साहेबांनी ताईलाच दम दिला, "पुन्हा असं झालं तर घरी बसायचं." तेव्हापासून ती प्रत्येक बॅग स्वतः उचलून बघते.

काल एकाची बॅग भलीमोठी, पण उचलली तर कापसासारखी हलकी. ताईचे डोळे बारीक झाले.

"काय हो दादा, रिकामी बॅग घेऊन कुठं?"

"भावाला आणायला. त्याची बॅग प्रवासात फाटली."

"मग रिकाम्या बॅगेला कुलूप कशाला?"

"सवय हो."

"सवय म्हणे! उघडा."

आत खरंच काही नव्हतं. तरी ताई वाटभर बॅगेला पाय लावूनच बसली.

विमानतळावर एक माणूस कपड्यांचं गाठोडं छातीशी धरून उभा होता. बॅगवाला त्याच्याकडे धावला.

मी म्हटलं, "बघ, खरं बोलत होता."

"भाऊ म्हणे! नाक कुठं जुळतंय?" ताई म्हणाली, आणि ते दोघं बॅग घेऊन दिसेनासे होईपर्यंत तिने बस हलू दिली नाही.