जिवंतपणी आलेलं माहेरचं लुगडं

मी मेल्याची बातमी मला माझ्या भावाने दिली. तो सावरगावचा. मला पांढुर्ण्यात दिली, मध्ये फक्त जाम नदी. दुपारची वेळ होती. मी अंगणात संत्री निवडत बसले होते, डागी एकीकडे, चांगली एकीकडे. भाऊ पुलावरून रडतच आला. बगलेत हिरवं लुगडं होतं. आमच्याकडे नवरा जिवंत असताना बाई गेली तर तिला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. फाटकातून आत आला, मला पाहिलं आणि रडणं अर्ध्यावर सोडून म्हणाला, "अक्का, तू बसून काहून आहे?"

"मंग काय उभी राहू? कोण मेलं?"

"तू."

त्याने हे सावरगावच्या एका व्यापाऱ्याकडून ऐकलं होतं. त्या व्यापाऱ्यासमोर इथल्या बाजारात माझाच मुलगा मोबाईलवर ओरडून सांगत होता की माय गेली. माझ्या नवऱ्याने, आमच्या म्हाताऱ्यांनी, खाटेवरूनच मान वळवली आणि भावाला म्हणाले, "मेली असती तर सकाळपासून एवढी ओरडली असती का?"

हे का झालं ते सांगते. माझा नातू मालाच्या जहाजावर इंजिनच्या खोलीत काम करतो. आमच्याकडची पोरं नागपूरला जातात, छिंदवाड्याला जातात, फौजेत जातात. समुद्रावर हाच पहिला गेला. नोकरी लागली तेव्हा माझ्या मुलाने सगळ्या गल्लीला पेढे वाटले होते. मी विचारलं होतं, तिथे भाजी कुठून आणतात. त्याचं उत्तर मला अजून पटलेलं नाही.

दोन दिवसांपूर्वी नातवाचा फोन आला होता. जहाज तांबड्या समुद्रातून जाणार होतं. तिकडे लढाई चालू होती, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांवर बॉम्ब पडत होते. जहाज कोणाच्या बाजूचं आहे, कोणाच्या नाही, हे पडणारा बॉम्ब विचारत नाही. कप्तानाने सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावून सांगितलं होतं, ज्याला यायचं नाही त्याने या बंदरातच सांगावं. तसं करारात लिहिलेलं असतं म्हणे. लढाईच्या जागी न्यायचं असेल तर आधी सांगायचं, जो नाही म्हणेल त्याला कंपनीने आपल्या खर्चाने घरी पोचवायचं, आणि त्यापायी त्याची नोकरी मारायची नाही. जो जाईल त्याला पगार जास्त.

"आजी, मले नाही जायचं," नातू म्हणाला.

"मंग नको जाऊ," मी म्हटलं आणि कणीक मळायला गेले. माझ्या लेखी विषय संपला होता.

मुलाच्या लेखी नव्हता. त्याच्या कपाळावर गोटमारीची खूण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत पळसाचं झाड रोवतात, वर झेंडा लावतात. मग पांढुर्ण्याचे या काठावरून आणि सावरगावचे त्या काठावरून दिवसभर एकमेकांना दगड मारतात. मुलाच्या कपाळावरचा दगड त्याच्या मामाचा होता असं आमच्या घरी धरून चालतात. मामा नाही म्हणत नाही, उलट नेम चांगला होता म्हणतो. असे दगड खाल्लेला माझा मुलगा आपल्या पोराला 'नाही जात म्हण' कसं सांगणार?

"माय, लोक म्हणतील भिऊन पळून आला," तो म्हणाला. "काहीतरी कारण पाहिजे ना."

आमच्याकडे कारण एकच असतं. सुट्टी पाहिजे की आजी मारायची. संत्री तोडायला येणाऱ्या पोरांनी आपापल्या आज्या माझ्यासमोर मारलेल्या आहेत, एकाने तर दोन हंगामांत तीच आजी दोनदा. मी मजुरी कापली नाही, पण तिच्या तेराव्याला मला बोलाव असं सांगून ठेवलं. आता पाळी माझी आली. मुलाने नातवाला सांगितलं, तू गप राहा, मी जमवतो. आणि बाजारातून थेट कंपनीच्या ऑफिसला फोन लावला. बाजारातला गोंगाट, म्हणून ओरडून बोलला. तेवढ्यावर सगळा गाव रडायला मोकळा झाला.

भावापाठोपाठ सौंसरची लेक आली. तिला भावानेच कळवलं होतं. ती फाटकाशी गळा काढणार तोच मी म्हटलं, "चूप. संत्री निवडू लाग."

ती मला मिठी मारून हसली, मग चिडली. "बसमध्ये रडत आली मी, माय! कंडक्टरने आपली सीट दिली मले!"

"मंग मजाच झाली तुझी."

तिगावचे पाहुणे आले, शेजारणी आल्या. आलेच आहेत म्हणून मी लेकीला सगळ्यांसाठी चहा करायला लावला. डागी संत्री सोलून वाटली. माझ्या मयतीला एवढं खाणंपिणं होईल असं मला वाटलं नव्हतं. एक शेजारीण चहा पिताना माझ्याबद्दल बरंच चांगलं बोलली. जिवंत असताना कधी बोलली नव्हती. मी तिला ते परत एकदा बोलायला लावलं.

तेवढ्यात मुलगा बाजारातून आला. घर भरलेलं पाहून त्याचा चेहरा उतरला. आणि त्याच वेळी नातवाचा व्हिडिओवर फोन.

"बाबा, हे काय करून ठेवलं तुमी? कप्तान माझं सांत्वन करून राहिला!"

मग खरा घोळ कळला. मयतीची सुट्टी ही ऑफिसच्या मर्जीची. ऑफिस म्हणालं, वाईट झालं, बदलीचा माणूस पुढच्या बंदरात पाठवतो. पुढचं बंदर म्हणजे तांबड्या समुद्राच्या पलीकडचं. म्हणजे माझ्या मरणाने पोरगा लढाईतून जाणार होता आणि मग घरी येणार होता, आला तर. आणि जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी निघत होतं.

मुलगा खाली बसला. दगड खातानाही तो कधी असा खाली बसला नसेल.

मी नातवाला विचारलं, "तू नुसतं नाही म्हटलं तर?"

"तर इथंच उतरवतात, आजी. कारण पण विचारत नाहीत. मी तेच सांगणार होतो, बाबा म्हणाले गप राहा."

"कप्तानाले दे फोन."

कप्तान आला. दाढीवाला, पंजाबकडचा वाटला. मी मोबाईल हातात घेतला आणि माझ्या हिंदीत सांगितलं, "साहेब, मैं मरी नहीं. ये देखो. लड़के को नहीं जाना, बस. दूसरा कुछ कारण नहीं है."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या सगळ्यांकडे पाहिलं. भावाच्या बगलेतलं लुगडं अजून तसंच होतं. मग तो असा हसला की फोन हलायला लागला. "माताजी, कारण तो मैंने माँगा ही नहीं था!"

नातवाने त्याच्यासमोर कागदावर सही केली. आमच्या अंगणात टाळ्या वाजल्या. म्हाताऱ्यांनीसुद्धा खाटेवर उठून बसण्याचे कष्ट घेतले.

भाऊ निघाला तेव्हा लुगडंही उचलून नेत होता. मी म्हटलं, "ठेव ते."

"अक्का, हे त्या कामाचं..."

"आणलंच आहे तर ठेव. मेल्यावर मले त्याचा काठ कसा आहे ते दिसणार आहे का?"

नातू नागपूरवरून रेल्वेने आला, तेव्हा ते नेसून मी स्टेशनवर गेले. लेकीने नाक मुरडलं. नातवाने आधी लुगड्याला हात लावून पाहिला, मग माझ्या पाया पडला. जहाजावरून त्याच्यासोबत आणखी दोघे उतरले होते. बाकीचे जहाज घेऊन गेले आणि सुखरूप पोचले. मुलगा म्हणाला, "पाहा, काही झालं नाही." मी म्हटलं, बरं झालं, त्यांच्या आया सुखाने झोपल्या, मीही झोपले. पुढे त्याच कंपनीने नातवाला दुसऱ्या जहाजावर घेतलं. गल्लीत कोणी पळपुटा म्हटल्याचं माझ्या कानावर आलं नाही. माझ्या कानावर येऊ देण्याची कोणाची हिंमत नसेल, हेही खरं.

त्यानंतरच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचे दोस्त फाटकाशी आले. नदीवरून ढोल ऐकू येत होते. मुलगा ओट्यावर बसून शिळी पुरणपोळी खात होता.

"चाल बे, झाड रोवलं."

"नाही येत."

"काहून? तब्येत?"

"तब्येत मस्त आहे."

"मंग माय बिमार आहे का?"

मी आतून तवा आपटला. मुलगा हसला आणि म्हणाला, "नाही येत, बस."

पुढे काही कारण येईल म्हणून त्यांनी फाटक धरून ठेवलं. मग गेले. मी त्याला आणखी एक पोळी नेऊन दिली, तूप जरा जास्त सोडून.