रूथमावशींना रविवारची घंटा

रूथमावशींची शवपेटी खांद्यावर घेऊन आम्ही चर्चच्या फाटकातून आत शिरत होतो आणि वरच्या स्पीकरमधून रविवारची घंटा सुरू झाली. घाईची, आनंदी.

भिंतीपलीकडून भाजीवालीने हाक मारली, "आज लगीन हाय का वो?"

मावशींची मुलगी मेबल जागीच थांबली. "बंद करा ते."

चर्च कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, "अगं, रेकॉर्डिंग एकच आहे. खरी घंटा ओढायला आता माणूस कुठे मिळतो?"

"मला विचारलंत? मी ओढली असती," मेबल म्हणाली.

आमच्याकडे कुणी गेलं की घंटेचे टोल संथ देतात. एकाचा नाद विरला की दुसरा. ते ऐकून गल्लीतली माणसं, कुठल्याही धर्माची, बाहेर येतात आणि कोण गेलं म्हणून विचारतात. मावशींनी शेवटी एवढंच मागितलं होतं. पण कमिटीने मागे रंगकामाच्या वेळी घंटेचा दोर कापून टाकला होता आणि कुणाला सांगितलंही नव्हतं.

मेबल एकटी बोलत होती. पाळकसाहेब बायबलची पानं उलटत राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे गं, आजच्या दिवस चालवून घे." कालपासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तुमच्या मंडळीत तुम्ही काय काय चालवून घेता?

आज सकाळी मेबल नवा दोर घेऊन आली. आम्ही तो बांधला. तिने सावकाश टोल दिले.

भाजीवाली रस्ता ओलांडून फाटकाशी आली. "कोण गेलं, बाई?"