अंबूबाईंचा चेहरा, मोठ्या मापात

भिसेगावच्या हर्षलाचा व्यवसाय शेजाऱ्यांना नीट सांगता येत नाही. ती छायाचित्रे काढते, पण लग्नाची किंवा बारशाची नाही. जाहिराती, माहितीपत्रके आणि दिनदर्शिका तयार करणाऱ्या डिझायनरांना जी चित्रे लागतात, ती आधीच काढून एका संकेतस्थळावर विक्रीला ठेवणे, हे तिचे काम. पूर्वी ती खोपोलीत फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात नोकरी करीत असे. तिथे रोज इतरांची चित्रे शोधताना, ती आपणही पुरवू शकू, हे तिच्या लक्षात आले.

एकच छायाचित्र ती तीन मापांत विकते. लहान माप मोबाइलच्या पडद्यापुरते, मधले छापील पत्रकासाठी, मोठे रस्त्यावरच्या होर्डिंगसाठी. मधले माप ताणून होर्डिंगवर लावले तर चेहरा फुटतो, आणि तशी परवानगीही त्या किमतीत मिळत नाही. मोठे माप ती संकेतस्थळावर ठेवत नाही. ग्राहकाने मागितल्यावर स्वतः तयार करून देते. त्यामुळे कोणते चित्र रस्त्यावर जाणार, हे तिला कळत असे. त्या कळण्याचा तिने कधी उपयोग केला नव्हता.

तिचे सर्वाधिक विकले गेलेले छायाचित्र भातकापणीच्या दिवसांतले होते. तिची आत्या अंबूबाई हातात विळा घेऊन बांधावर उभ्या आहेत आणि हसत आहेत. अंबूबाई भिवपुरीपलीकडच्या एका गावात राहतात. पती वारले, मुलगी साजगावला दिली. संमतीची सही घेताना हर्षलाने त्यांना "कुठंतरी छापून येईल" एवढेच सांगितले होते. ते खोटे नव्हते, पण पुरेसे खरेही नव्हते. विक्रीच्या पानावर अंबूबाईंचे नाव नव्हते. 'समाधानी ग्रामीण स्त्री' असे लिहिलेले होते. या धंद्यात चेहरा कुणाचाच नसावा लागतो, तरच तो कुणालाही विकता येतो. हा चेहरा बियाण्यांच्या पिशवीवर गेला, दूरच्या एका दिनदर्शिकेवर गेला. कुणाचे काही बिघडले नाही, कारण तिथे अंबूबाईंना ओळखणारे कुणी नव्हते.

गेल्या हिवाळ्यात तो अंबूबाईंच्या गावातच आला. गावालगत फार्महाऊसचे प्लॉट पाडणाऱ्या एका बिल्डरने पत्रक काढले. त्याचा डिझायनर अक्षय याने मधल्या मापातले ते छायाचित्र विकत घेतले. त्याच्या लेखी ती कुठल्यातरी शेतातली कुणीतरी बाई होती. बिल्डरला रस्त्यासाठी नेमकी अंबूबाईंची आणि त्यांचे दीर गजा यांची सामाईक जमीन हवी होती. गजा विकायला तयार होते, अंबूबाई नव्हत्या. आणि त्यांच्या नकाराच्या आधाराने शेजारच्या जना आणि चांगो यांनीही आपल्या जमिनी विकल्या नव्हत्या.

या भागात फ्लेक्सची एक रीत आहे. वाढदिवस असो, निवडणूक असो, खाली गोलांत शुभेच्छुकांचे चेहरे छापतात, आणि जो तिथे दिसतो तो त्या बाजूचा, असे धरले जाते. छापलेला चेहरा म्हणजे दिलेला शब्द. पत्रक हाती येताच गजांनी ते घरोघर दाखवले.

"बघा, वहिनी आमच्यापरीस हुशार निघाली. तोंडानं नाय म्हनते नि फोटोत हसते!"

जनाने अंबूबाईंना रेशन दुकानासमोरच गाठले. "काय गं अंबू, आमाला सांगतेस जमीन धरून ऱ्हावा, नि आपन बिल्डरच्या कागदावर मिरवतेस? नवं लुगडं तरी नेसायचं व्हतंस!"

"मी नाय गं गेले कुटं."

"मग फोटो काय उडत गेला?"

त्याच आठवड्यात चांगोने बिल्डरकडून इसार घेतला.

या साऱ्याची बातमी अंबूबाईंच्या मुलीकरवी हर्षलापर्यंत पोहोचली, आणि पाठोपाठ अक्षयचा फोन आला.

"ताई, तोच फोटो मोठ्या मापात पाहिजे. फाट्यावर होर्डिंग लागतंय."

"देणार नाही. ती माझी आत्या आहे, आणि ती जमीन विकत नाहीये."

अक्षय गडबडला. "अहो, मला काय माहीत? 'समाधानी' तुम्हीच लिहिलंय ना!"

हर्षलाने फोन ठेवला. ती आत्याकडे गेली, सारे सांगितले आणि छायाचित्र विक्रीतून काढते म्हणाली.

"काढशील," अंबूबाई म्हणाल्या. "पन वाटून झालेल्या कागदांचं काय? मी दारोदार सांगत फिरू? लोक म्हनतील, छापलेलं खोटं नि म्हातारी खरी?" मग त्यांनी विचारले, "मोठा फोटो हाय ना तुज्याकडं?"

"आहे."

"मंग तूच लाव. माजा हिस्सा मला इकायचा नाय, असं वर ठळक लिही. छापलेलंच मानतात, तर छापूनच सांगू."

"आत्या, गजामामा चिडतील."

"चिडू दे. त्याचा फोटो नाय आला म्हनून आदीच चिडलाय."

हर्षलाने जुन्या दुकानातून फ्लेक्स छापून आणला आणि तो अंबूबाईंच्या दाराशी, रस्त्याच्या बाजूला बांधला. जनाने तो निरखून पाहिला. "निवडनुकीला उबी ऱ्हायल्यागत दिसतेस," ती म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा फोटो घेऊन आली. "माजा पन लाव गं. खाली, गोलात."

तो लावला गेला. अंबूबाईंच्या सहीवाचून गजांचा व्यवहार पुढे सरकला नाही. चांगोने मात्र इसाराचे पैसे खर्चून टाकले होते. त्याची जमीन गेली, आणि बिल्डरने रस्ता तिकडून वळवला. हर्षला आता सही घेण्यापूर्वी, हा चेहरा कुठे कुठे जाऊ शकतो, ते छापील नमुने दाखवून सांगते. काही जण नको म्हणतात. ज्यांनी पूर्वी सह्या दिल्या, त्यांच्याकडे ती अद्याप गेलेली नाही.

फाट्यावरचे होर्डिंगही उभे राहिले. त्यावर दुसरी एक स्त्री आहे, दुसऱ्याच कुठल्या बांधावरची, तशीच हसणारी. गावात तिला कुणी ओळखत नाही.

"कुनाची गं ही?" अंबूबाईंनी विचारले.

"माहीत नाही, आत्या."

"आपला फोटो हितं लागलाय, हे तिला तरी ठावं असंल का?"

"नसेल," हर्षला म्हणाली.