पाचवी शिळा आणि माझी सही

अन्याय झाला हौसाबाईवर. १९९८, मे महिन्यातला पहिला सोमवार. त्या दिवशी कोडोलीजवळच्या एका वाडीनं तिला विहीर बंद केली. शिळा आपोआप फिरते असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही... तरी लिहितोय, कारण त्या अन्यायाखाली माझी सही आहे.

वाडीच्या माळावर इतिहासाआधीच्या नऊ उभ्या शिळा आहेत, पुरुषभर उंचीच्या. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरही अशा शिळांच्या रांगा आहेत, तिथं त्यापायी कुणी बाईला वाळीत टाकत नाही — हे मीच अंधश्रद्धेविरुद्धच्या माझ्या पत्रकात छापलं होतं. इथं मात्र पाचव्या शिळेवरची पांढरी शीर गावाकडून फिरून हौसाबाईच्या खोपटाकडं झाली म्हणे. ती विधवा, एकटी. झालं! हिनंच काहीतरी केलं.

मी उचगावचा, थोरला भाऊ गवंडी. भर दुपारी, सगळ्यांदेखत आम्ही शिळेच्या बुडाशी चर खणून काँक्रीट ओतलं, ओल्या सिमेंटवर खिळ्यानं तारीख कोरली. पंचनामा मी लिहिला : आठ दिवसांत शिळा हलली नाही तर बंदी उठेल, हलली तर गावाचं म्हणणं मला मान्य. केवढा माज!

सिमेंटवर पाणी मारायला हवं. ते हौसाबाईच मारायची — ओढ्यावरून घागर आणून. विहीर बंदच होती ना.

नवव्या दिवशी सकाळी दहाला वाडी जमली. शीर आता खोपटाकडं नव्हती, ओढ्याकडं होती.

सिमेंटला तडा नाही. तारीख जिथल्या तिथं. भावानं हातोडीनं ठोकून पाहिलं, बोटं फिरवली, मग हळूच म्हणाला, "हे कुणी नवं वतल्यालं न्हाय. ह्यो माझाच हात हाय."

पोलीस पाटलांनी कागद उलगडला. "पावणं, सही तुमचीच हाय न्हवं?"

मी मान डोलावली. हौसाबाईनं घागर खाली ठेवली, माझ्याकडं बघत म्हणाली, "शिळा फिरली, व्हय. पर मी काय केलं, ते कुठं लिवलंय? दाव की."

कागदात ते नव्हतंच. बंदी मात्र राहिली.

आज २००६. मधल्या वर्षांत दोन इंजिनिअर, एक भूगोलाचे प्राध्यापक शिळा बघून गेले. कुणालाच सांगता आलं नाही. मलाही येत नाही. पण मला कारण सापडत नाही, हा तिचा गुन्हा कसा?

ती अजून ओढ्यावरनंच पाणी आणते. मी सही मागं घेतोय, जाहीरपणे. तुम्ही नुसतं वाचून हळहळू नका. येत्या रविवारी सकाळी नऊला कोडोलीच्या स्टँडवर या, तिथून वाडीवर जाऊ, आणि अख्ख्या वाडीदेखत तिच्या घागरीतलं पाणी प्या.