ओढ्याकडची बाजू

आमच्या घरात आजवर अर्जाखेरीज कोणी काही लिहिलेलं नाही, आणि तो अर्जही दुसऱ्याकडून लिहून घेतलेला. त्यामुळे मी कोणाविषयी लिहायला बसणं हा थोडा आगाऊपणाच आहे. वाचणाऱ्यांनी माफ करावं. त्यातून ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्या भिवाआबांना झालेली जखम माझ्या चुकीमुळे झाली. पण ते माणूस कसं आहे हे कोणीतरी नीट सांगायला हवं, असं मला बरेच दिवस वाटतं आहे.

आबा आमच्याच गावचे. दिंद्रुडपासून गाव जवळ. त्यांचं घर मेंढरं राखणारं. वय सत्तरीच्या आसपास, पण दिवसभर मेंढरांमागे चालून पाय काठीसारखे ताठ. उसात शिरण्याआधी ते बांधावर थांबत, दोनदा खाकरत आणि मोठ्याने हाक देत, "ओ पाव्हणं, सरका! मानसं यायलीत." पाहुणे म्हणजे रानडुकरं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. आबा हसले नाहीत. म्हणाले, "निजलेल्या डुकरावर पाय पडला की मंग हसू येत न्हाई, सायब." मी कॉलेजात जायला लागल्यापासून ते मला सायबच म्हणत.

आमच्याकडे धरणाच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसात डुकरं राहायला आली. एकदा माझ्या वडिलांचा भुईमूग त्यांनी असा उकरला, की सकाळी बघणाऱ्याला नांगर फिरवलाय असं वाटावं. वडील बांधावर डोकं धरून बसले. आबांनी वाकून खुरांचे ठसे पाहिले आणि सांगितलं, "मादी हाय. पिल्लं संगं हायत. आज पुन्हा यील, राखणीला दोघं बसा." तशी ती आलीही.

गावाने नाना उपाय केले. बांधाला जुन्या साड्या बांधल्या. कोणीतरी सांगितलं, की माणसाच्या केसांचा वास डुकराला सोसत नाही. मग वडिलांनी सलूनमधून पोतंभर केस आणून शेताभोवती टाकले. आबा ते बघून म्हणाले, "डुकराची कटिंग करायचीय का काय?" चार दिवस खरंच डुकरं आली नाहीत. पाचव्या दिवशी आली.

तरुणपणी आबा कुत्री आणि भाला घेऊन डुकरामागे जात. ते शिकारीबद्दल फुशारकीने बोलत नसत. "चार कुत्री गेली माझी," एवढंच सांगत. "लोकं मनतात डुकराला मान वळत न्हाई, सरळच पळतंय. असं मननाऱ्याला डुक्कर भेटलेलं नसतंय." आता शिकारीला वनखात्याची परवानगी लागते. काही जण चोरून कणकेच्या गोळ्यात बारूद भरून ठेवतात. असा एक गोळा हातात घेऊन आलेल्या माणसाला आबांनी भर पारावर झापलं होतं. "उंद्या गाईनं चावला मंजे? लेकरानं उचलला मंजे? लई शाना हायस बे तू!"

ऊसतोडीच्या वेळी मात्र आबांशिवाय कोणाचं पान हलत नसे. फड तोडत आणला, की डुकरं मागे सरत सरत शेवटच्या पट्ट्यात गोळा होतात. म्हणून आबांचा नियम होता : तोड गावाकडून सुरू करायची आणि ओढ्याकडची बाजू मोकळी सोडायची. तिकडे माणूस नको, बैलगाडी नको, कुत्रंसुद्धा नको. "त्याला जायला जागा ठिवा. मंग ते तुमच्याकडं बघत बी न्हाई."

संक्रांतीला मी घरी गेलो होतो, तेव्हा आमच्या शेजारच्या फडाचा शेवटचा पट्टा उरला होता. नियम मला ठाऊक होता. तरी मी मोबाइल घेऊन ओढ्याच्या बाजूला, एका बाभळीआड उभा राहिलो. हॉस्टेलच्या मुलांना डुक्कर दाखवायचं होतं. बाभळीआड आपण दिसणार नाही, असं वाटलं. उसातून मोठं नर डुक्कर बाहेर आलं, माझ्याकडे बघून थबकलं आणि मागे वळलं. ते थेट तोडणाऱ्यांच्या अंगावर गेलं. एक बाई मोळी बांधत वाकलेली होती. आबांनी तिला हाताने बाजूला लोटलं आणि डुकराचा सुळा आबांच्या गुडघ्याखाली बसला.

जखम शिवली, इंजेक्शनं झाली. पण डॉक्टर म्हणाले, पंजा उचलणारी नस दुखावली आहे. ती जुळली तर चालतील, नाहीतर पाय असाच ओढावा लागेल. मेंढरांमागे चालणाऱ्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती.

मी वडिलांना खरं सांगितलं. मग दवाखान्यात गेलो. आबा खाटेवर बसून आपल्या पंजाकडे बघत होते.

"बघ सायब, मी मनायलोय ऊठ, अन् ह्यो आयकतच न्हाई."

"आबा, ओढ्याकडं मी उभा होतो."

"दिसलतास की. लाल शर्ट."

"मग कुणाला सांगितलं कावून न्हाई?"

"सांगून पाय उचलतोय का बे?" मग म्हणाले, "पर चुकलास. लई चुकलास. ती बाई दोन लेकरांची माय हाय." मला रडू आलं. ते म्हणाले, "आता हितं बसून काय डुकरं हाकतोस? जा, परीक्षा दे."

मी छत्रपती संभाजीनगरला परत आलो. आबांकडे फोन नाही. आईला विचारलं, की उत्तर ठरलेलं, "हाय तसंच." महिना गेला, दुसरा गेला. परीक्षा झाली, उन्हाळा लागला, तरी तेच उत्तर. नंतर विचारायचीच भीती वाटू लागली.

काल दुपारी मेसमध्ये ताट वाढून घेत होतो, तेव्हा आईचा फोन आला. तिला फोनवर हळू बोलता येत नाही; शेजारच्या मुलांनाही सगळं ऐकू गेलं.

"आरं, भिवाआबा आलते आपल्या शेतात!"

"कसे? गाडीवर?"

"चालत."

"चालत?"

"मग काय उडत? काठी व्हती हातात. तीनदा बसले वाटंत. पर पंजा उचलायलेत, म्या डोळ्यानं बघितलं. अन् आल्या आल्या मलाच बोलले, वैरणीचं कडवळ असं कापत असतेत का मनून!"