खलनायकाची बाजू
म्हशीच्या धारोष्ण दुधाचा वास आला, की मला आमच्या आत्याचा लाडका खलनायक आठवतो. नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात मराठीचं एम. ए. करत होतो. आत्या मुरगूडहून आली, की एका भुताटकीच्या प्रेमकथामालेचे भाग आणायला मला वाचनालयात पिटाळायची. त्यातला मेलेला इनामदार गावकऱ्यांचं रक्त प्यायचा आणि जिवंत नायिकेवर जीव टाकायचा. मीही ते भाग चवीने वाचायचो, फक्त वर्गात सांगत नसे. एकदा शेवटच्या भागाची दोनच पानं उरली आणि तिच्या एसटीची वेळ झाली. वाचनालयाचं पुस्तक गावी नेता येईना, म्हणून वाटेतल्या दूधकट्ट्यावर, जिथे समोरच म्हशीची धार काढून पेला हातात देतात, तिने मला बसवलं. "वाच मोठ्यानं." "आत्या, त्यानं निम्मं गाव मारलंय." "मारू दे की! तिला कधी उलटून बोललाय?" मी वाचू लागलो. दाराबाहेर इनामदार उभा, आत नायिका, आणि तिचा हात धरून सज्जन डॉक्टर. शेजारच्या पैलवानाने तोंडाशी नेलेला पेला तसाच धरला. "डॉक्टर बरा हाय की," तो म्हणाला. "मग तूच कर त्याच्याशी लगीन," आत्या कडाडली. नायिका हात सोडवून कडीपर्यंत गेली आणि थबकली. पान उलटायला मी मुद्दाम वेळ लावला. "उघड की गं दार!" ओरडला तो पैलवानच. तिने उघडलं, आणि अख्ख्या कट्ट्याने टाळ्या पिटल्या. हल्ली साहित्यसभेत कुणी 'वाचकाचा सहभाग' यावर तासभर बोललं, की मला हसू आवरत नाही. आमची तर त्यापायी एसटी चुकली होती.