बोटीवर इस्त्री चालत नाही

"आई, एक लक्षात ठेव, क्रूझवर इस्त्री नेता येत नाही. आग लागायची भीती असते. बॅगेत सापडली की काढून घेतात," मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला. मी त्याला तेच पुन्हा सांगायला लावलं. ऐकू आलं नव्हतं असं नाही. ऐकून इतकं बरं वाटलं होतं की आणखी एकदा ऐकावंसं वाटलं.

मुलानं आणि सुनेनं आम्हा दोघांना मुंबईहून गोवा आणि तिथून लक्षद्वीपपर्यंत फिरवून आणायचं ठरवलं होतं. अमरावतीतल्या आमच्या गल्लीत हे कळल्यावर बायका चौकशीला यायच्या. बोटीत उलट्या होतात का, जेवायला काय देतात, पोहता येत नसलं तर कसं? मी काहीबाही उत्तरं द्यायचे. मला समुद्राचं फार अप्रूप नव्हतं. सकाळी उठून कुणाच्याही कपड्याला हात न लावता खुर्चीत बसून चहा प्यायचा, एवढंच मला हवं होतं. ते चार-पाच दिवस आपले, असं मी मनाशी पक्कं धरून बसले होते.

इस्त्रीचं एवढं काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या घरी एक उन्हाळा काढावा. निवृत्त होऊन अमरावतीला येईपर्यंत माझे यजमान अकोल्याच्या शाळेत गणित शिकवायचे. गावानं त्यांना सर म्हटलं, मीही इथे सरच म्हणते. सरांचा पोशाख ठरलेला, पांढरा सुती झब्बा आणि पांढरा पायजमा. त्याला साबुदाण्याची खळ, खळीत चिमूटभर नीळ, मग पाणी शिंपडून गुंडाळून ठेवायचं, मग कडक इस्त्री. बाहीची घडी अशी हवी की पाहणाऱ्याला बोट कापेल असं वाटावं. त्यांचं घराणं तेल्हाऱ्याकडचं, पिढ्यान्‌पिढ्या कपाशी काढणारं. टेरीकॉट त्यांच्या घरात शिरलं नाही. त्यांच्याकडे एखादा पुरुष लग्नात चुरगळलेला दिसला की लगेच विचारतात, "काहून बापा, बायको माहेरी गेली काय?" म्हणजे चुरगळतो पुरुष आणि जाब बायकोला.

अकोल्याच्या उन्हाळ्यात सकाळी सकाळी लाइन जायची, म्हणून कोळशाची इस्त्रीही ठेवलेली होती. बाहेर ऊन, हातात निखारे, आणि आतून आवाज, "झालं काय वं?" माझे वडील गेल्याचा निरोप आला तेव्हा मी माहेरी जायला चप्पल घातली होती. सर म्हणाले, "एवढ्या लोकांत असा येऊ काय मी?" मी चप्पल काढली, त्यांचे कपडे इस्त्री केले आणि मग आम्ही निघालो. माहेरी पोचलो तेव्हा वडिलांना नेऊन झालं होतं. सरांच्या अंगावर मात्र एक चुणी नव्हती. हे मी कुणाला बोलले नाही, पण विसरलेही नाही.

तर इस्त्री नेता येत नाही हे मी सरांना सांगितलं. माझ्या आवाजातला आनंद त्यांना कळला असेल तर त्यांनी दाखवलं नाही. मुलानं त्यांच्यासाठी चुणी न पडणारे दोन शर्ट पाठवले होते. ते त्यांनी चिमटीत धरून पाहिले आणि परत पिशवीत टाकले.

"कापूस पिकवणाऱ्याच्या पोरानं हे प्लास्टिक घालावं काय?"

"मंग बोटीवर काय घालसान? इस्त्री नाई तिथं."

"खळ दुप्पट घाल. कडक केलं का आठ-पंधरा दिवस काई होत नाई त्याले."

आमच्याकडे ते खरंही होतं. वऱ्हाडातली हवा अशी कोरडी की खळीचा कपडा ट्रंकेत घातला तर पावसाळ्यापर्यंत तसाच ताठ राहतो. मी दुप्पट खळ घातली. प्रत्येक झब्बा पुठ्ठ्यावर घडी घालून, मध्ये जुन्या लुगड्याचा तुकडा ठेवून बॅगेत आडवा रचला. निघायच्या आधीचा अख्खा दिवस त्यात गेला, पण मी कुरकुर केली नाही. आता हे शेवटचं, मग सुट्टी, असं म्हणत होते. समुद्राचा विचार आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. येणार कुठून? आमच्या लेखी ओली हवा म्हणजे श्रावण, आणि श्रावण अजून लांब होता.

बडनेऱ्याहून गाडीनं मुंबई, तिथे मुलगा-सून येऊन भेटले, मग बोट. पहिली संध्याकाळ चांगली गेली. सरांचा झब्बा कडक होता, सुनेनं फोटो काढले, मी रेलिंगला धरून उभी राहिले आणि खारं वारं तोंडावर घेतलं. सर आधीच खोलीत गेले होते, सामान लावून घेतो म्हणाले. मला त्याचं कौतुकच वाटलं. आयुष्यात कधी यांनी सामान लावलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग उघडली तर सगळं मऊ पडलेलं. पावसाळ्यात डब्याबाहेर राहिलेली कुरडई जशी लिबलिबते तसा एकेक झब्बा. दुप्पट खळीनं दुप्पट ओल ओढली होती. पुठ्ठे दमट, बाह्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि त्याला आंबूस वास. सरांनी एक झब्बा उचलला, हुंगला आणि माझ्या पुढ्यात टाकला.

"काय करून ठेवलं वं हे?"

"तुमीच त सांगतलं दुप्पट घाल म्हणून."

"घालाले सांगतलं, सडवाले नाई सांगतलं."

मी म्हटलं, एवढी मोठी बोट आहे, इथे धुऊन इस्त्री करून देत असतीलच की, विचारा ना कुणाला. सर म्हणाले, "इचारलं मी. नाई देत." त्यांनी हे इतकं सरळ सांगितलं की मला ते खरंच वाटलं. कपडे उचलले आणि न्हाणीघरात गेले.

इस्त्रीशिवाय कपडा कसा सरळ करतात ते मला कुणी शिकवलं नाही, पण माझ्या आईकडे इस्त्री नव्हती. ती तांब्यात निखारे घालून लुगड्यावर फिरवायची. खोलीत चहासाठी एक स्टीलची किटली होती. खळ चिकट झालेली, त्यामुळे आधी ती पूर्ण काढून टाकणं आलं. हात धुवायच्या भांड्याएवढं ते बेसिन, त्यात झब्बा एकेक बाही करून धुतला. पिळला तर चुण्या पडतात, म्हणून कोरड्या टॉवेलात गुंडाळला आणि वर उभी राहून पायांनी दाबून पाणी काढलं. मग हँगरला लावून शिवणी खाली ओढल्या, कॉलर आणि पट्टी ओल्या बोटांनी सारखी केली, आणि एसीची हवा जिथे येते तिथे लटकवला. अर्धवट ओला असताना पलंगावर टॉवेल पसरून त्यावर घेतला, किटलीत पाणी उकळलं, बूड पुसलं आणि फिरवलं. पाणी निवलं की परत उकळायचं. पायजम्याला गादीखाली टाकायचं आणि त्यावर आपण बसायचं. एक जोड घालण्याजोगा होईपर्यंत जेवायची वेळ व्हायची. बिनखळीचा झब्बा त्या हवेत दुपारीच गळून जायचा, की संध्याकाळचा जोड सुरू.

आमच्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेर समुद्र निळा आहे की करडा, मला ठाऊक नसायचं. बोट हलली की किटलीतलं पाणी हलायचं, तेवढंच.

गोव्याला बोट लागली तेव्हा मुलगा दाराशी आला. मी न्हाणीघरात, हात कोपरापर्यंत ओले. "आई तयार झाली का?" त्यानं विचारलं. सर दारातूनच म्हणाले, "तिचं डोकं दुखून राहिलं. आपण चला." मला स्पष्ट ऐकू आलं. माझं डोकं दुखत नव्हतं. बाहेर जाऊन तसं सांगायला हवं होतं, पण पलंगावर ओला झब्बा अर्धा फिरवून झाला होता, आणि खरं सांगते, मला दारात तमाशा नको होता. ते सगळे गेले. गोवा मी पाहिला नाही, आणि पुढे लक्षद्वीपही असंच गेलं. संध्याकाळी सुनेनं डोक्याला लावायला बाम आणून दिला, तो मी मुकाट्यानं लावला.

जेवणाच्या टेबलावर मुलगा कौतुकानं म्हणाला, "बाबा बघा, सगळी बोट टी-शर्टवर आहे आणि हे शाळेत निघाल्यासारखे." सर हसले. "तुही आई हाय ना," ते म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं माझ्याकडे वळून मान डोलावली. मी माझ्या साडीकडे पाहिलं. ती मी सकाळपासून नेसलेली होती आणि पोटावर पाण्याचे डाग होते. कुणी पाहिलं नाही, आणि मला तेव्हा राग त्याचा आला.

शेवटच्या सकाळी बोट मुंबईला लागत होती. खोली आवरायला येणारा माणूस, माझ्याच वयाचा असेल, चादरी गोळा करता करता मला म्हणाला, "मॅडम, प्रेस की थैली आपने एक दिन भी नहीं दी." मी विचारलं, कुठली थैली? तो म्हणाला, अलमारीत टांगलेली होती, कपडे तिच्यात टाकून दाराबाहेर ठेवले की संध्याकाळी इस्त्री होऊन येतात. "आपके टिकट में ही था. साहब ने पहले दिन बोला, ले जाओ, नहीं चाहिए."

तेवढ्यात मुलगा बॅगा घ्यायला आला. त्यानं शेवटचं ऐकलं असावं. "हो ना आई," तो म्हणाला, "मी मुद्दाम तुझ्यासाठी ते घेतलं होतं. तुला चार दिवस काही करायला लागू नये म्हणून. पण बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले, तुला परक्याच्या हातची इस्त्री चालत नाही. म्हटलं जाऊ दे, तुझी आवड."

मी सरांकडे पाहिलं. ते आरशासमोर झब्ब्याची बटणं लावत होते. मीच सकाळी किटली फिरवलेला झब्बा.

"मला चालते," मी मुलाला म्हटलं. "मला कुणाच्याही हातची चालते. मला कधी कुणी विचारलं नाही."

माझा आवाज चढला होता. मुलगा गोंधळला. एकदा बापाकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. सर आरशातूनच म्हणाले, "थकली ते. झोप नाई झाली." आणि मुलानं, माझ्या पोटच्या पोरानं, मान हलवली. "चल आई, खाली रांग लागली असेल," तो म्हणाला. त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली, अगदी प्रेमानं. मला ते प्रेम त्या क्षणी नकोसं झालं.

परतीच्या गाडीत डब्यात आम्ही दोघंच समोरासमोर होतो. मी विचारलं, काहून खोटं बोललात? मला वाटलं ते उडवून लावतील, पण त्यांनी विचार करून उत्तर दिलं.

"त्यायले तुह्यासारखी घडी जमत नाई. तुह्या हाताची सर नाई कोणाले."

त्यांना वाटत होतं की ही स्तुती आहे. बोलून झाल्यावर ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते की आता हिनं खूश व्हावं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. बडनेरा येईपर्यंत त्यांनी दोनदा चहा घेतला.

घरी आल्यावर मी बॅगेतले कपडे धुतले, वाळवले आणि घडी न करता त्यांच्या पलंगावर ठेवून दिले. इस्त्रीला हात लावला नाही. भांडण होईल म्हणून मी तयारीत होते. बरंच काही बोलायचं होतं, वडिलांपासून गोव्यापर्यंत सगळं मनात लावून ठेवलं होतं. दोन दिवस कपडे तसेच पडून होते. तिसऱ्या दिवशी सर उठले, तो ढीग पिशवीत भरला आणि चौकातल्या इस्त्रीवाल्याला देऊन आले. संध्याकाळी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी त्यातलाच झब्बा घालून पेन्शनर मंडळींच्या बैठकीला निघाले.

मी दारात उभी होते. "कशी हाय घडी?" मी विचारलं.

त्यांनी बाही वळवून पाहिली. "चांगली करते तो," ते म्हणाले, आणि चप्पल घालून गेले.

मला बरं वाटायला हवं होतं. सुटले एकदाची, असं म्हणून मी खुर्चीत बसायला हवं होतं. पण मी दाराला धरून रडले, आणि ते रडू दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. अकोल्याला आमच्या घरासमोरही एक इस्त्रीवाला होता. रोज भाजी घेऊन मी त्याच्या टपरीसमोरून घरी यायचे, इस्त्री करायला.